सगीरचा पाहुणचार

उल्हास मेस्त्रीच्या घराण्यात भांडणं झाली, वाटण्या झाल्या, विहिरीवरून कोर्टाची पायरीही चढून झाली. पण पानावरून कुणी अर्धपोटी उठलं असं कधी झालं नाही. देवगड तालुक्यातल्या त्यांच्या वाडीत लोक म्हणत, मेस्त्रींकडे जेवायला जायचं तर करगोटा सैल करून जावं. उल्हासच्या आईला ‘पुरे’ हा शब्द ऐकू येत नसे. पाहुण्याने पानावर आडवा हात धरला तर ती बोटांच्या फटीतून आमटी सोडायची.

पुढे उल्हास ड्रायव्हर झाला आणि घरातला हा आग्रह माणसांवरून यंत्रांवर आला. गावाकडे तो जांभा दगड वाहणारा टेम्पो चालवायचा. त्या टेम्पोची बॅटरी कायम मेलेली, म्हणून उल्हास कुठेही गाडी लावायचा ती नाक उताराकडे करून. सकाळी ब्रेक सोडला की गाडी आपसूक निघाली पाहिजे. ही सवय त्याच्या हातापायांत इतकी मुरली की ओमानात येऊन सूरच्या बंदरावर बर्फाचा नवाकोरा ट्रक हाती आला, तरी तो चार बोटं का होईना, उतार शोधून लावायचा. बरोबरचे ड्रायव्हर हसायचे. उल्हास म्हणायचा, हसा लेको, बॅटरी काय सांगून मरत नाही.

सूरला तो बरीच वर्षं राहिला, आणि राहिला तो एकटा. बायको शैला नर्स होती. तिलाही ओमानातच नोकरी लागली, पण ती रुस्ताकच्या एका खासगी दवाखान्यात. नकाशावर दोन्ही गावं एकाच देशात दिसतात, त्यामुळे गावाकडच्या लोकांना वाटायचं, काय मजा आहे, नवराबायको दोघं ओमानात! प्रत्यक्षात तिची सुट्टी असे तेव्हा ह्याची मासळी येई, आणि ह्याची सुट्टी असे तेव्हा तिची ड्युटी. दोघांचा संसार फोनवर चालला होता. शैला सांगायची, आज चपात्या केल्या. उल्हास म्हणायचा, किती? ती म्हणायची, दोन. आणि उल्हासला इकडे घास उतरायचा नाही, कारण दोन चपात्यांवर ह्या बाईला आग्रह करणारं तिथे कुणी नव्हतं.

शेवटी मार्ग काढला तो शैलानेच. तिच्या दवाखान्यात रक्तदाब तपासायला एक म्हातारे गृहस्थ यायचे. नाव खल्फान. गावाबाहेर त्यांची खजुराची मोठी बाग होती. एकदा ते बोलता बोलता म्हणाले, बागेत ट्रॅक्टरला चांगला माणूस मिळत नाही. शैलाने पट्टा त्यांच्या दंडाला तसाच ठेवून सांगितलं, “अर्बाब, माणूस है. मेरे घरवाला.” अर्बाब म्हणजे मालक. असा उल्हास दोन हजार पंधरा साली रुस्ताकला आला आणि लग्नानंतर पहिल्यांदा त्याला आपल्या बायकोच्या हातचं रोज गरम जेवण मिळू लागलं.

बागेतला ट्रॅक्टर बुटका होता. खजुराच्या दोन रांगांमधून मोठा ट्रॅक्टर जात नाही, म्हणून अर्बाबने हा छोटा, निळ्या रंगाचा, डिझेलवर चालणारा घेतला होता. सगळे त्याला सगीर म्हणायचे, म्हणजे धाकटा. झाडांखाली बकऱ्यांसाठी लसूणघास होता, पलीकडे लिंबं होती, कांद्याचे वाफे होते. सगीर ते सगळं नांगरायचा, ट्रॉलीतून खत आणायचा, खजुराचे घड वाहायचा. अर्बाबने तो घेतला त्या वर्षी त्यांची बायको वारली होती. ते एकदा म्हणाले होते की घर गप्प झालं तेव्हा ह्या पोराचा आवाज ऐकायला मी बागेत येऊन बसायचो. तेव्हापासून उल्हासने सगीरला नुसतं यंत्र म्हणणं सोडलं.

बागेतून फलज जायचा. फलज म्हणजे डोंगरातून आणलेला पाण्याचा पाट. त्याच्या बांधाशी खजुराच्या झावळ्यांची एक शेड होती आणि सगीर तिथे मुक्कामाला असे. जमीन पाटाकडे थोडी उतरती होती. आता थोडी म्हणजे किती? रुस्ताकच्या माणसाला विचारलं तर तो उतार म्हणेल. पण उल्हास कोकणातला माणूस. त्याच्या हिशेबाने ते अंगण होतं, तिथे लग्नाची पंगत बसवता आली असती. हातांनी मात्र जुन्या सवयीने सगीरचं नाक बरोबर पाटाकडे केलेलं असायचं.

रोज संध्याकाळी उल्हास सगीरला शेडमध्ये लावी, इंजिन बंद करी आणि इंजिनाच्या कुशीतली तेल मोजायची काडी उपसून बघे. काडीवर दोन रेघा असतात. तेल त्या दोन रेघांच्या मध्ये असलं म्हणजे झालं. एवढं कळायला काही लागत नाही, आणि उल्हास तर ह्यात मुरलेला होता. पण इथे काडीवर तेल खालच्या रेघेशी दिसे. उल्हास चुकचुके, डबा उचले, थोडं ओते, आणि ते झाल्यावर वर एक चूळभर आग्रहाचं. मग सायकलवर टांग टाकून निघे, कारण शैलाची ड्युटी त्याच सुमाराला सुटे आणि दोघं वाटेवरच्या पेट्रोल पंपापाशी भेटून पुढे घरी जात.

काही दिवसांनी सगीर धुरायला लागला. आधी निळसर, मग पांढरट आणि मग विचारू नका. चढावर दम टाकू लागला. इंजिनाच्या कडेने तेल पाझरून खाली काळे डाग पडू लागले. उल्हासने ताडलं की हा तेल पितोय. जो पितोय त्याला पाजलं पाहिजे, हे तर मेस्त्रींच्या घरचं शास्त्रच. त्याने संध्याकाळचा हात जरा सैल सोडला. अर्बाबला त्याने हे सांगितलं नाही. म्हाताऱ्या माणसाच्या जिवाला कशाला घोर, हे एक कारण. दुसरं कारण होतं अर्बाबचा मुलगा सालिम.

सालिम मस्कतला एका कचेरीत नोकरीला होता आणि सुट्टीला बागेत यायचा. पोरगा वाईट नव्हता. बापाला चार गोष्टी सोप्या व्हाव्यात एवढंच त्याला वाटायचं, पण सोपं करायच्या नादात तो दरवेळी काहीतरी विकायला काढायचा. मागच्या खेपेस पाण्याचा जुना पंप गेला होता. ह्या खेपेस त्याने सगीरचा धूर पाहिला, मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढला आणि रुस्ताकमधल्या तय्यब मेकॅनिकला पाठवला. तय्यबचं उत्तर आलं की धुरावरून तर पिस्टनच्या रिंगा गेल्यासारख्या वाटतात, इंजिन खोलावं लागेल. द्यायचा असेल तर सुट्या भागांसाठी मीच घेतो, शुक्रवारी बघायला येतो.

सालिमने उल्हासला बाजूला घेतलं आणि अगदी गोड शब्दांत सांगितलं, “भाई, तुम फिकर नहीं करो. ट्रॅक्टर खलास, लेकिन तुम्हारा काम है. दुक्म में मेरा दोस्त है, बडा प्रोजेक्ट. ड्रायव्हर चाहिए. कॅम्प, खाना, सब फ्री.”

उल्हासने मान डोलावली. दुक्म म्हणजे वाळवंटापलीकडचं बंदर. तिथे रिफायनरीचं काम, पुरुषांचे कॅम्प आणि आठवड्यातून एकदा बोलायला फोन. म्हणजे पुन्हा किती चपात्या केल्या, दोन.

त्या संध्याकाळी तो जेवायला बसला, पण बांगड्याला हात लावेना. शैलाने पातेलं बाजूला ठेवलं.

“अवो, काय झाला? जेवणात लक्ष नाय तुमचा.”

“सगीराक इकूचो म्हणतत.”

“मगे तुमका?”

“दुक्माक धाडतले.”

रडायची शैलाची पद्धत नव्हती. तिने त्याच्या ताटातल्या बांगड्याचे काटे काढले, तुकडा भातावर ठेवला आणि म्हणाली, “शुक्रवार अजून येवचो आसा. आधी जेवा.” मग मात्र ती आत जाऊन बराच वेळ भांडी घासत बसली, घासलेलीच पुन्हा.

गुरुवारी उल्हासने सगीरला धुतलं, पुसलं, टायरांना काळं चकाकीचं पॉलिश लावलं. पाहायला येणाऱ्या मंडळींपुढे पोरीला उभं करावं तसा तो दिसायला लागला, फक्त इथे नकार यावा म्हणून देव पाण्यात घातलेले. शेवटी, उद्या चाचणीत दम लागू नये म्हणून, त्याला पोटभर तेलही पाजलं.

शुक्रवारची नमाज झाल्यावर तय्यब आला. हैदराबादकडचा, पन्नाशीचा, मेंदीने दाढी लाल केलेला माणूस. शैलाही आली होती, कारण दर शुक्रवारी ती अर्बाबचा रक्तदाब बघून जायची. तय्यबला ट्रॅक्टर उजेडात बघायचा होता, म्हणून उल्हासने सगीरला शेडमधून काढून मजलिसीसमोरच्या अंगणात आणून लावलं. मजलिस म्हणजे पाहुण्यांची बैठक. तिच्यासमोरचं अंगण सिमेंटचं होतं, कॅरम बोर्डासारखं सपाट. एवढ्याशा अंतरात सगीरने इतका धूर सोडला की लिंबाच्या झाडावरचे पक्षी उठून गेले. सालिमने उल्हासकडे पाहून ‘बघितलंस ना’ अशा अर्थी हात पसरले. उल्हासला त्या क्षणी तो अजिबात आवडला नाही.

तय्यबने बाह्या सरसावल्या, पण अर्बाबने त्याला बसवलं. आधी कॉफी, मग काम. ओमानी घरात ही गोष्ट राजालाही चुकत नाही. खजुराचं ताट आलं. अर्बाबने पितळी दल्ल्यातून, म्हणजे लांब चोचीच्या कॉफीच्या किटलीतून, छोट्या कपात वेलचीची कडू कॉफी ओतली. त्या कपाला दांडी नसते आणि त्याची एक रीत असते. कप रिकामा करून नुसता पुढे केला की यजमान पुन्हा भरतो, परत केला की परत भरतो. पुरे झालं असेल तर कप बोटांत धरून दोनतीनदा हलवायचा. जोवर हलवत नाही तोवर पाहुण्याची तहान भागली नाही असं धरतात. नवीन आला होता तेव्हा उल्हासला हे ठाऊक नव्हतं. नाही कसं म्हणावं म्हणून तो पीत गेला होता आणि घरी जाऊन पहाटेपर्यंत छपराकडे बघत पडला होता.

कॉफी झाली, खजूर झाले, तय्यबच्या मुलीचं लग्न ठरल्याची बातमी झाली. शैलाने अर्बाबला पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट टेकवून, न बोलता बसायला लावलं आणि मग पट्टा बांधला. तोवर सगीर उन्हात शांत उभा होता. शेवटी तय्यबने कप हलवला, उठला, फडक्याने हात पुसला आणि तेलाची काडी उपसली. पुसली, पूर्ण आत घातली, पुन्हा उपसली.

तो काडीकडे बघत राहिला. मग त्याने ती चष्म्याजवळ नेली. तेल वरच्या रेघेवर थांबलेलं नव्हतं. ते रेघ ओलांडून, वर चढून, पार मुठीपाशी पोचलं होतं.

“या अल्ला,” तय्यब हळूच म्हणाला. “ये इंजिन बीमार नहीं है. इसको तो अपच हुआ है. इतना तेल किसने डाला?”

उल्हासची कानशिलं गरम झाली. खोटं बोलून भागण्यासारखं नव्हतं. “मी... मैंने. रोज शाम को थोडा थोडा. काडी पे कम दिखता था.”

“थोडा थोडा करके इतना नहीं होता,” तय्यब म्हणाला.

अर्बाबने घसा साफ केला. सगळे त्यांच्याकडे वळले. म्हाताऱ्याने जरा खाली बघितलं आणि सांगितलं की पहाटेच्या नमाजेनंतर तेही येत होते. धूर दिसला तेव्हा त्यांना वाटलं, पोराला तहान लागतेय. त्यांच्याकडे एक चोच वाकलेला जुना दल्ला होता, कॉफीच्या कामाचा न राहिलेला. त्याची चोच तेलाच्या तोंडात अगदी बरोबर बसायची. रोज एक कप. काडी कधी बघितली नाही, पाहुण्याला वाढताना कुणी त्याचं पोट मोजतं का? आणि उल्हासला का नाही सांगितलं? “तुमको बुरा लगता. तुम सोचता, अर्बाब को मेरे काम पे भरोसा नहीं.”

आता राहिला सालिम. तो मोबाइलमध्ये काहीतरी शोधत असल्यासारखा उभा होता. बापाने नुसतं नाव घेतलं तसा तो म्हणाला, “आज सुबह. बस एक डब्बा. मेरे को लगा, बिकने से पहले अच्छा दिखना चाहिए.”

शैलाने ओढणी तोंडाला लावली. तिचे खांदे हलत होते. तय्यबही बोनेटवर हात ठेवून इतका हसला की त्याचा चष्मा खाली आला. मग त्याने डोळे पुसत समजावलं. तेल जास्त झालं की आत फिरणारा दांडा ते ताकासारखं घुसळतो, फेस होतो, तो धुरातून बाहेर पडतो. तुम्हाला वाटतं तेल कमी झालं, तुम्ही आणखी घालता. जितकं घालाल तितकं तो ओकणार. मग त्याने उल्हासला विचारलं, “गाडी लगाते किधर हो?”

उल्हासने फलजाकडे बोट केलं. तय्यब शेडपर्यंत चालत गेला, उकिडवा बसून जमिनीकडे बघितलं आणि परत आला. “उतार है. तेल आगे भागता है, काडी खाली.”

“ह्यो उतार?” उल्हासला खरोखरच आश्चर्य वाटलं. आमच्याकडे असल्या जागेवर क्रिकेट खेळतात, असं तो म्हणणार होता, पण तेवढ्यात तय्यबचा पुढचा प्रश्न आला.

“और देखते कब हो? इंजिन बंद करके कितनी देर बाद?”

“बंद करते ही.”

“अरे मियाँ, तुम तो पुराने ड्रायव्हर हो. तेल को नीचे उतरने का टाइम दो. इतनी जल्दी किस बात की?”

उल्हासने फक्त शैलाकडे पाहिलं आणि पटकन नजर सगीरच्या टायरवर नेली. सूरला असताना तो काम संपल्यावर निवांत चहा पिऊन मग तेल बघायचा. तिथे घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. रुस्ताकला आल्यापासून ते पाच-दहा मिनिटं थांबणं त्याला जमलेलं नव्हतं. ही गोष्ट अंगणातल्या प्रत्येकाला एकाच वेळी कळली. शैलाचे कान लाल झाले. म्हातारा अर्बाब दाढीतल्या दाढीत हसला.

“अर्बाब धावत इले तर मी त्यांचा बीपीसुद्धा घेत नाय,” शैला शेवटी म्हणाली. “आणि तुमी!”

मग कामाला सुरुवात झाली. सगीरच्या खाली घमेलं ठेवून तय्यबने बूच काढलं. काळं, फेसाळलेलं तेल येतच राहिलं. एक घमेलं भरलं, दुसरं आणावं लागलं. सालिमने पांढरी शुभ्र दिश्दाशा, म्हणजे तिथला पायघोळ अंगरखा, गुडघ्यापर्यंत खोचून दुसरं घमेलं धरलं, आणि तिच्यावर डाग पडला तरी तक्रार केली नाही, तेव्हा उल्हासला तो पुन्हा थोडा आवडू लागला. तय्यबने गाडीतून नवा फिल्टर आणला, ताजं तेल मोजून घातलं, वाट बघितली, काडी उपसली. तेल दोन रेघांच्या बरोबर मध्ये होतं.

“थोडंसं...” उल्हासचा हात नकळत डब्याकडे गेला. त्याच वेळी अर्बाबचा हात जुन्या दल्ल्याकडे गेलेला होता. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि हात मागे घेतले.

“चालू करो,” तय्यब म्हणाला.

उल्हास सीटवर बसला. चावी फिरवताना त्याने गावच्या रवळनाथाला नारळ कबूल केला. इंजिन लागलं आणि सायलेन्सरमधून आधीसारखाच पांढरा लोट बाहेर आला. उल्हासला दुक्मचा कॅम्प दिसला, दुमजली खाटा दिसल्या, उशाशी फोन दिसला. शैला अंगणाच्या कडेला ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. तिने डोळे मिटले होते. तय्यबने हात वर करून थांबायची खूण केली. नळीतलं जुनं तेल जळू दे. लोट विरळ झाला. मग निळसर रेघ राहिली. मग तीही राहिली नाही, आणि सगीर जुन्या, गोल, एकसारख्या आवाजात बोलायला लागला. अर्बाब डोळे मिटून ऐकत होते. त्यांनी सालिमचा हात धरला होता.

तय्यब धंद्याचा माणूस. त्याने सालिमला विचारलंच, की आता इंजिन धड निघालं, तर पुरा ट्रॅक्टर म्हणूनच घेतो, देणार का? सालिमने बापाकडे बघितलं. अर्बाबने समोरचा रिकामा कप उचलला, बोटांत धरला आणि दोनतीनदा हलवला. तय्यबनेही हसून मान लववली. नवऱ्या मुलीच्या बापाला अर्बाबने घरच्या खजुराची भली मोठी टोपली दिली, ती नको नको म्हणत त्याने दोन्ही हातांनी घेतली.

त्या दिवशी घरी पोचल्यावर शैलाने सोलकढी केली. उल्हास आडवा हात मारून जेवत होता. तीही आज त्याच्याबरोबरच बसली होती.

“उद्यापासून जरा थांबून येवा,” ती म्हणाली. “तेल बसांदेत. मी काय पळान जातंय?”

उल्हास भात कालवत राहिला. मग खाली बघूनच म्हणाला, “सवय झाली नाय गो अजून. तू घरात आसतंस त्याची.”

शैलाने वाटीत आणखी सोलकढी ओतायला पळी उचलली, तशी उल्हासने वाटी बोटांत धरून अर्बाबसारखी दोनतीनदा हलवली. ती हसली आणि तरीही तिने वाटी काठोकाठ भरली. त्यानेही मग तिच्या पानात, ती आडवा हात धरत असताना, आणखी एक चपाती वाढली.